कच्ची राख

"झालं! तोंड लिंपून टाका," भट्टीच्या भोकापासून डोळा हटवत आबांनी हुकूम सोडला. तीन दिवस लाकूड घालून काका मेटाकुटीला आला होता. त्याने लगेच चिखलाचं घमेलं ओढलं.

आबांच्या लेकीला मात्र ते पटेना. गेल्या दोन भट्ट्या अशाच आबांच्या हुकमाने बंद झाल्या आणि भांडी निघाली ती कोरड्या राखेने माखलेली. लाकडाची राख उडून भांड्यांवर बसते, जाळ पुरेसा चढला की तीच वितळून काचेसारखी चकाकते, हे शेंबड्या पोरालाही कळतं. पण आबांनी खापर फोडलं ते लेकीच्या डोक्यावर. "हिला माती मळता येत नाही," चारचौघांत म्हणाले. ही भट्टी बिघडली, की तिचं चाक कायमचं बंद होणार होतं.

म्हणून यंदा राख वितळली का ते तपासायला तिने चोरून मातीच्या चार कड्या भोकाजवळ आत ठेवल्या होत्या. कडी काढून बघणं म्हणजे या घरात पाप, आबांच्या डोळ्यांवर अविश्वास! तिने सळईने एक ओढली, बादलीत बुडवली, नखाने खरवडली. राख भुरुभुरु गळाली.

"आबा, ही बघा."

आबांनी हात पुढे केला तो कडीच्या वीतभर बाजूला. "बघ की, कशी आरशासारखी चकाकतेय!"

तिने त्यांच्या डोळ्यांकडे नीट पाहिलं. आबांना दिसत नव्हतं! चाळीस वर्षं उघड्या डोळ्यांनी जाळात पाहून माणूस डोळे घालवून बसला होता आणि घरात कुणाला पत्ता नव्हता. दया यायला हवी होती, आला तो संताप. दोन वर्षं तिने बोलणी खाल्ली ती यापायी?

तिने कडी त्यांच्या तळहातावर ठेवली. अंगठा फिरला आणि थांबला.

"गेल्या दोन्ही?" आबांनी हळूच विचारलं.

"त्याही कच्च्याच बंद केल्यात तुम्ही."

काकाच्या हातून घमेलं धपकन पडलं. आबा भिंत चाचपत भोकासमोरच्या स्टुलावरून उठले. त्यावर दुसरं कुणी बसलेलं तिने जन्मात पाहिलं नव्हतं.

"जाळ कसल्या रंगाचा आहे?" त्यांनी विचारलं.

"नारिंगी. पांढरा व्हायला अजून..."

"मला नको सांगूस. काकाला सांग, किती लाकूड घालायचं ते." दोन पावलं जाऊन ते थबकले. "आणि बसण्याआधी काळा चष्मा लाव. मी नाही लावला."