रविवारची वीस मिनिटं

सोसायटीत सगळे त्याला कप्तान म्हणत. खरं तर तो मालवाहू बोटीवर इंजिनरूममध्ये कामाला होता आणि कधी कधी आठवडा आठवडा समुद्र त्याच्या नजरेसही पडत नसे. पण नाव एकदा चिकटलं की चिकटलं. त्यामुळे चष्म्याच्या दुकानात काचा बसवायचं काम करणारी त्याची बायको आपोआप कप्तानीणबाई झाली.

आठ महिने बोटीवर आणि तीन-चार महिने घरी, असा त्यांचा संसार होता. लग्नाला नऊ वर्षं झाली होती. त्यातली एकत्र किती गेली, याचा विचार ती मुद्दाम करत नसे.

मागच्या सुट्टीत त्यानं गाडी घेतली. राखाडी रंगाची, जुनीच, पण एका डॉक्टरीणबाईंनी जपून वापरलेली. महिनाभर दोघं कारण नसताना फिरले. मग बोलावणं आलं, नेहमीसारखं ठरल्यापेक्षा लवकर. निघायच्या आदल्या दिवशी त्यानं वहीचं पान फाडून त्यावर यादी लिहिली आणि फ्रिजवर लावली.

'दर रविवारी धुणे. बादल्या दोन, साबणाची वेगळी. फडकं जमिनीवर पडलं तर परत लावू नये, चरे पडतात. उन्हात धुऊ नये. हँडब्रेक ओढून ठेवू नये, चिकटतो. गिअरमध्ये ठेवून चाकांना विटा लावणे. वीस मिनिटं इंजिन चालू ठेवणे. नंतर दोन हात पुढे, दोन हात मागे.' सगळ्यात खाली ठळक अक्षरात होतं, 'बाहेर काढू नये.'

"मला येतंय कुठे बाहेर काढायला?" ती म्हणाली.

"म्हणूनच लिहिलंय."

"आणि माझ्यासाठी काही यादी?" सासूबाईंनी विचारलं.

"आई, तू आपली आपण चालू होतेस."

तो गेला. पहिल्या रविवारी तिनं बादल्या खाली नेल्या आणि टपावरून सुरुवात करून गाडी धुतली. दारांच्या फटीत साचलेली माती जुन्या टूथब्रशनं काढली. मग दार उघडून आत बसली. सीट त्याच्या पायांच्या मापानं मागे होती, तिचे पाय पेडलपर्यंत पुरेनात. तिनं वर जाऊन उशी आणली आणि पाठीशी घेतली. सीट पुढे ओढता येते हे तिला माहीत होतं, पण तिनं ओढली नाही.

बोट रेंजमध्ये असली की त्याचा फोन रविवारी सकाळीच येई. त्याच्याकडे तेव्हा रात्र असायची.

"चालू केलीस का? फोन बॉनेटवर ठेव जरा."

ती ठेवायची. तो मिनिटभर ऐकायचा.

"पट्टा थोडा कुरकुरतोय. चालेल. हवा बघितलीस?"

"बघितली. माझीही बघ कधी."

तो हसायचा, पण पुढचा प्रश्न बॅटरीचाच असायचा. घरी असताना तो बडबड्या होता. फोनवर मात्र त्याला गाडीशिवाय दुसरं काही सुचत नसे. तिला राग यायचा आणि फोन ठेवला की रागाचाच राग यायचा. आठवडाभर त्याला सांगायच्या गोष्टी ती मनात साठवी, आणि रविवारी तोंडातून निघे ते वायपरचं रबर.

आठ महिने संपत आले तेव्हा त्याच्या जागी येणारा माणूस आजारी पडला. दोन महिने वाढले.

"दोनच आहेत," तो म्हणाला.

"हो, दोनच," ती म्हणाली, आणि त्या दिवशी तिनं गाडी दोनदा धुतली.

त्या वाढीव दिवसांतल्या एका रविवारी तिनं इंजिन चालू केलं, फोन बॉनेटवर ठेवला आणि काचा पुसत राहिली. वीस मिनिटं झाल्यावर तिनं आत बसून फोन कानाला लावला.

"बंद करू का?"

उत्तर नाही. मग तिला संथ, जड श्वास ऐकू आला. नऊ वर्षांत तिला तो पुरेपूर ओळखीचा झाला होता. तिनं किल्लीकडे नेलेला हात मागे घेतला, दार हळूच ओढून घेतलं आणि फोन मांडीवर ठेवून बसून राहिली.

थोड्या वेळानं सासूबाई जिना उतरून आल्या. "काय गं, पेट्रोल फुकट मिळतंय का? केवढा वेळ चालू आहे ही."

तिनं ओठांवर बोट ठेवलं. "झोपलाय."

"कोण?"

तिनं मांडीवरचा फोन दाखवला. सासूबाई दोन क्षण बघत राहिल्या. मग गाडीला वळसा घालून पलीकडच्या सीटवर येऊन बसल्या. दोघी समोरच्या भिंतीकडे बघत बसल्या. पाऊण तासानं लाईन आपोआप तुटली.

"लहानपणी शिवणाचं मशीन चालू असलं की झोपायचा," सासूबाई म्हणाल्या. "मी थांबले की जागा."

पुढे तीन रविवार फोन आला नाही. चौथ्या रविवारी किल्ली फिरवली तर गाडीनं नुसतं टकटक केलं. गॅरेजवाल्याला बोलवावं लागलं. त्यानं बॅटरीवरची पांढरी भुकटी गरम पाण्यानं धुतली आणि दुसऱ्या बॅटरीला वायर जोडून गाडी चालू करून दिली.

"गाडी एकदम चकाचक ठेवलीय ताई," तो म्हणाला. "पण हिला चालवा. उभ्या उभ्या म्हाताऱ्या होतात गाड्या."

"मालक बोटीवर आहेत."

"मग तुम्ही कोण?"

तो सहज बोलून गेला. ती मात्र दिवसभर तेच घोळवत राहिली. त्याच आठवड्यात तिनं दुकानाशेजारच्या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये नाव घातलं. शिकवणाऱ्या बाई कडक होत्या. क्लच झटक्यानं सोडला की कपाळाला हात लावायच्या. दुसऱ्या खेपेला ती परीक्षा पास झाली. लायसन्स आलं त्या रविवारी तिनं विटा काढल्या, आत बसली आणि उशी मागच्या सीटवर टाकली. सीटखालचा दांडा ओढला. सीट खडखडत पुढे सरकली. कुणाचा तरी शर्ट आपल्या मापाचा करून घेतल्यासारखं तिला वाटलं. ती थोडा वेळ स्टिअरिंगवर हात ठेवून बसली. मग सासूबाईंना हाक मारली.

"पट्टा लावते," सासूबाई म्हणाल्या, "आणि डोळे मिटते. पोचलो की सांग."

पहिल्या दिवशी दोघी बाजारापर्यंत गेल्या. पुढे धरणाच्या भिंतीपर्यंत जाऊ लागल्या. त्याला सांगायचं ती ठरवी, पण फोनवर धीर होत नसे. मुदत आणखी एक महिना वाढली.

मग एका रविवारी बॉनेटवरच्या फोनमधून त्याचा आवाज आला, "आज मोकळी वाटतेय. किलोमीटर किती झालेत?"

तिनं खरा आकडा सांगितला. 

"कुणी नेली?"

"मी. लायसन्स काढलं."

"मला नाही सांगितलंस."

"आता सांगतेय."

"मला वाटायचं..." तो थांबला. "इथे डोळे मिटले की मी त्या पार्किंगमध्ये येतो. सगळं ठेवलं तसं असतं. गाडी, तू, आई."

"तू ठेवलीस तशी मी नाही राहिले," ती म्हणाली. आवाज चढू नये म्हणून तिनं ओठ दाबले. "वर्ष होत आलं. तू वाट बघायला एक जागा ठेवलीस आणि मी त्या जागेला फडकं मारत बसले. थोडी हलले म्हणून काय मी वाट बघायची थांबले?"

लाईन तुटली. रेंज गेली, की त्यानं फोन ठेवला, हे तिला कळलं नाही. तो आठवडा तिनं कसा काढला ते तिचं तिला माहीत. पुढच्या रविवारी त्याचा फोन वेळेआधी आला.

"गुरुवारी उतरतोय," तो म्हणाला. "न्यायला येशील?"

विमानतळाबाहेर ती तासभर आधीच पोचली. तो आला तो वाळलेला, कानशिलावर पांढरे केस घेऊन. त्यानं सामान मागे टाकलं आणि सवयीनं चालकाच्या दाराशी आला. काचेआड ती बसलेली होती. तो जरा उभा राहिला, मग वळसा घालून शेजारी येऊन बसला. त्यानं तिचा गिअरवरचा हात धरला. मागच्या गाडीनं हॉर्न दिला तेव्हा तिनं तो सोडवून घेतला.

ती नीट चालवत होती. एका सिग्नलला गाडी बंद पडली, पण त्यानं सूचना केली नाही. तो रस्त्याकडे बघतच नव्हता.

"आई वाट बघत असतील," ती म्हणाली.

"बघू दे थोडी."

पूल ओलांडल्यावर तिनं विचारायचं नाही असं ठरवलेलं विचारलं. "या वेळी किती दिवस?"

"चार महिने म्हणाले होते." तो खाली बघत म्हणाला. "आता अडीच म्हणतायत."

घराकडचं वळण डावीकडे होतं. तिनं आरशात बघितलं, इंडिकेटर दिला नाही, आणि गाडी सरळ धरणाच्या रस्त्याला घेतली.