माउलीचा डावा हात

उमरठच्या येसाजी सुताराच्या पडवीत मेरीमाता महिनाभर राहायला होती. समुद्रकाठच्या एका टेकडीवर पोर्तुगीजांच्या वेळचं चर्च आहे, तिथली ही. तिथले खांब पिळाचे, वेदीवर सोन्याचा मुलामा, आणि गुबगुबीत गालांचे लाकडी देवदूत ढगांतून असे डोकावतात, जणू आत्ताच जेवून उठलेत. सणाला लांबलांबून माणसं येतात, नवस फेडतात आणि सागवानी माउलीला खांद्यावर घेऊन टेकडी उतरतात. यंदा तिचा डावा हात कोपरापासून वाळवीनं खाल्ला होता.

देवाचं काम येसाजीचं, हे महाडपासून पोलादपूरपर्यंत सगळ्यांना ठाऊक. पण मूर्ती आली आणि येसाजी मोटरसायकलवरून पडला. उजवं मनगट प्लास्टरात.

"परत धाडतो," तो म्हणाला.

"मी करते, बाबा."

अक्षदा त्याची लेक. दारं, पाळणे, कपाटं तिनं खुशाल करावीत. देवाचं काम मात्र नाही. गावात देवाचं काम सांगताना पंच सुताराच्या हाती मानाचा नारळ देतात, आणि बाईच्या हाती तो द्यायची रीत नाही. गेल्या शिमग्याला पालखीचा दांडा मी करते म्हणाली, तर पंचांतला रावजी हसला होता. "पोरी, तू पोळपाट कर!" ते हसू अजून तिच्या मनात सलत होतं.

येसाजीनं बराच वेळ प्लास्टर खाजवलं. "कर. पन नाव माझं सांगायचं. आनि मिरवणुकीत हात निखळला, तर पुन्यांदा देवाच्या लाकडाला शिवायचं नाय."

तिनं मान्य केलं. उजवा हात बघून तिनं डावा कोरला, बोटांची नखंसुद्धा, आणि आतून लाकडी खुंटी मारून कोपराशी पक्का बसवला. रंगाचा हात फिरला तेव्हा जुनं कुठलं आणि नवं कुठलं, हे येसाजीलाही बोट लावून बघावं लागलं. शाबासकीऐवजी त्यानं तिला पटाशी पुसून ठेवायला सांगितलं. बाप लोक असेच असतात.

निघायच्या दिवशी शेजारची जानकीबाई तांदूळ, खण आणि नारळ घेऊन हजर. "बाईमानूस महिनाभर राहिलं. रिकाम्या वटीनं कशी जाईल गो?" कोणी काही म्हणायच्या आत तिनं खणाची ओटी मातेच्या कमरेला बांधली आणि भला मोठा नारळ नेमका नव्या हाताच्या बेचक्यात बसवला.

टेंपो रावजीचा; मातेसोबत बापलेकही निघाले. चर्चच्या दारात मूर्तीभोवती गुंडाळलेली गोधडी सोडली आणि गर्दीत कुजबुज उठली. मेरीमातेच्या हातात नारळ! अक्षदा नारळ काढायला धावली, तोच एका म्हातारीनं तिचं मनगट धरलं. ती मारियामावशी, चर्चजवळच्याच ख्रिस्ती वाडीतली.

"राहू दे गो. आमच्यात पन नवरीची वटी भरतात. माहेराहून आलीय ती."

फादरांनी हसून मान डोलावली. घंटा वाजली आणि माउली नारळासकट खांद्यांवर चढली.

उतरण खडकाळ. भोई घसरत, सावरत निघाले. प्रत्येक धक्क्याला नारळ हलायचा आणि अक्षदाचा जीव वरखाली व्हायचा. मधल्या वळणावर पुढचा गडी अडखळला, मूर्ती कलंडली, बायका किंचाळल्या. अक्षदानं डोळे मिटून घेतले. उघडले तेव्हा माउली पुन्हा ताठ उभी होती, आणि नव्या हातानं नारळ घट्ट धरलेला.

टेकडीखाली एकच जल्लोष झाला. फादर येसाजीकडे वळले. "येसाजीबाबा, हात अप्रतिम केलात!"

नुसती मान हलवली असती तरी भागलं असतं. येसाजीनं प्लास्टरातला हात उंच केला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असा ओरडला, "मी नाय! माझ्या लेकीनं केला!"

अक्षदाला रडूच फुटलं. मारियामावशीनं मातेच्या हातातला नारळ अलगद काढून तिच्या ओंजळीत ठेवला.

रावजी डोकं खाजवत पुढं आला. "येसाजी, यंदाच्या शिमग्याला पालखीचा दांडा... म्हंजे, पंचांना विचारून मानाचा नारळ..."

"विचार की," येसाजी म्हणाला. "पन तिला नारळ मिळालाय. माउलीनं सोताच्या हातानं दिलाय."