तोच कापूस

"वैनी, आज पण तोच कापूस," वनजा चप्पल काढता काढता म्हणाली.

मी बाळाला भरवत होते. "तोच म्हणजे?"

"माझा. कालचा. मी केलेला."

वनजा माझी नणंद. पंचवीस वर्षांची आहे. नवीन काही शिकायला तिला फार वेळ लागतो आणि वाचायचं तर जमलंच नाही. नजरबाद भागात गिरिजाबाईंनी तिच्यासारख्या माणसांसाठी केंद्र काढलंय. देवाला घालायची कापसाची वस्त्रं करतात तिथे. आपल्या म्हैसूरकडे त्यांना गेज्जेवस्त्र म्हणतात. कापूस चिमटीत ओढायचा, मण्यामण्याला पीळ द्यायचा, मधे मधे कुंकवाचं बोट. पाकिटं मार्केटच्या दुकानांत जातात आणि गौरीगणपतीच्या आधी तर पुरी पडत नाहीत.

वनजाला पगाराचं कौतुक नव्हतं. तिला एकच हवं होतं. आपण केलेलं वस्त्र कुणाच्या तरी गौरीच्या गळ्यात पडावं. रस्त्याने जाताना कुठल्या घरातून घंटा ऐकू आली की थांबायची. "तिथे माझं असेल, अल्वा, हो ना वैनी?" मी म्हणायची, असेल की.

दुसऱ्या दिवशी बाळाला कडेवर घेऊन मी तिच्याबरोबर केंद्रात गेले. वनजाने आपल्या पुढ्यातला कापूस उलगडून दाखवला. पांढऱ्या कापसात फिकट गुलाबी डाग होते. धुऊन वाळवलेल्या कुंकवाचे.

"हे काय, गिरिजाक्का?"

गिरिजाबाईंनी मला हाताला धरून खिडकीपाशी नेलं. "हळू बोला हो. ती बोट तोंडात घालते. प्रत्येक मण्याला. किती सांगितलं! एका बाईंनी बघितलं आणि दुकानदाराने सगळा माल परत पाठवला. मडीवाली माणसं ती, सोवळ्यात पूजा करणारी. देवाला एंजलु, उष्टं कसं चालेल?"

"म्हणून तुम्ही रोज उसवता?"

"संध्याकाळी. ती गेल्यावर. तिला वाईट वाटू नये म्हणून." त्यांचे डोळे भरून आले. "ती किती खूश असते अम्मा, बसून करते बिचारी. बाकीच्या मुलांचं काम बंद पडलं तर मी काय करू?"

त्या मुलांमध्ये संताजीराव होते, चाळिशी उलटलेले. पाकिटांना पिना मारता मारता त्यांनी वर बघून मला नमस्कार केला.

मला ओरडायचं होतं, पण कुणावर? बाई स्वतःच्या घरची खोली देऊन बसल्या आहेत. दुकानदाराचंही खोटं नव्हतं. आणि इकडे महिनोन् महिने वनजा डबा घेऊन, केसांत फूल माळून यायची. यायची कशाला, तर संध्याकाळी उसवायचं ते दिवसा करायला.

मी म्हटलं, "मला थोडे दिवस द्या. ही सवय मी मोडते."

मग बाळ झोपलं की आमची शाळा. पीळ धरायला थुंकीऐवजी बशीत विभूती घेतली. बोट विभूतीत, मग कापसाला. बोट तोंडाकडे जायला लागलं की मी "अंऽ" करायची. ती हसायची, बोट विभूतीत घालायची. मी वरण ढवळत असले तरी स्वयंपाकघरातून "अंऽ" चालूच. ते ऐकून बाळही "अंऽ" करायला शिकलं, तेव्हा वनजा हसून हसून आडवी झाली. पहिल्यांदा तिने एक अख्खं वस्त्र तसं केलं त्या दिवशी मी तिला मिठीच मारली.

सणाच्या आधी आम्ही पुन्हा केंद्रात गेलो. गिरिजाबाई समोर बसल्या. वनजाने नव्या कापसाचा पेळू घेतला. बोट विभूतीत. मणी. बोट विभूतीत. मणी. गिरिजाबाई माझ्याकडे बघून कौतुकाने मान हलवायला लागल्या. वस्त्र पुरं होत आलं, शेवटचाच मणी राहिला, आणि वनजाला एवढा आनंद झाला की तिने आमच्याकडे बघून हसत बोट जिभेला लावलं आणि झर्रकन पीळ दिला.

"झालं!" ती म्हणाली.

बाळ माझ्या मांडीवरून "अंऽ" म्हणालं.

वनजाने आपल्या बोटाकडे बघितलं. मग वस्त्राकडे.

"बघितलंत ना?" गिरिजाबाई कळवळून म्हणाल्या. "मी काय करू, तुम्हीच सांगा."

"शेवटचा मणी तोडून टाका! बाकीचं चांगलं आहे."

"आज मी समोर आहे. रोज कोण बसेल हिच्यासमोर? तुम्ही याल, बाळाला घेऊन?"

मी बाळाला दुसऱ्या मांडीवर घेतलं.

"आक्का," वनजा म्हणाली, "माझं गौरीला जात नाही?"

गिरिजाबाईंनी पदर तोंडाला लावला. मीच म्हटलं, "नाही जात, वनजा."

"कधीच नाही गेलं?"

"नाही."

मला वाटलं ती रडेल. तिने वस्त्राची गुंडाळी केली आणि गिरिजाबाईंच्या हातात दिली. "मग हे नको मला. पायपुसणी द्या करायला. पायपुसण्याला थुंकी चालते."

संताजीराव खो खो हसले. वनजा हसली नाही.

"पायपुसणी आपण करत नाही गं राजा. तू बस, मी कापूस देते, सुम्ने, उगीच आपली करत बस..."

"सुम्ने नको."

मी उठले. बाळ रडायला लागलं होतं. "चल वनजा, घरी जाऊ. पुन्हा यायचं नाही इथे."

"तू जा," वनजा म्हणाली. "अजून सुट्टी नाही झाली. मला काम आहे."

"काय काम आहे?" माझा आवाज चढलाच.

"ते आक्का सांगतील."

तिने पाय पोटाशी घेतले, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले आणि गिरिजाबाईंकडे बघत बसली. त्या तिची नजर चुकवून माझ्याकडे बघत होत्या. मी दारात बाळाला थोपटत उभी होते. शेवटी गिरिजाबाई उठल्या. हिला काय काम द्यावं, असं पुटपुटत त्यांनी भिंतीतलं कपाट उघडलं, आतला माल इकडचा तिकडे केला, बंद केलं. मग दुसरं उघडलं.