त्रेचाळिसाव्या पानापर्यंत

राहीबाईचं एक ठाम मत होतं. पुस्तक वाचून कुणाशी भांडता आलं नाही, तर वाचून उपयोग काय? आणि भांडायला घरात होता एकटा दीपेश. तो पोरगा इतका गुणी की आईने काहीही म्हटलं तरी "हो आये" करून भाकरी मोडायचा.

सातवी पास बाई. लग्न होऊन कशेळीजवळच्या या खाडीकाठच्या गावात आली त्याला अठ्ठावीस वर्षं झाली. त्यातली सत्तावीस वर्षं तिने छापील अक्षर पाहिलं ते कॅलेंडरचं आणि लग्नपत्रिकांचं. मग गेल्या दिवाळीनंतर ओट्यावरून घसरून पाय मोडला. दीड महिना खाटेवर. टीव्हीतल्या बायकांची रडगाणी ऐकून डोकं उठलं, तेव्हा दीपेशने भिवंडीच्या एका वाचनालयात स्वतःच्या नावाने कार्ड काढलं आणि पहिलं पुस्तक आणून तिच्या उशाशी टाकलं. पाय बरा झाला, पुस्तकं काही थांबली नाहीत.

नवऱ्याला, हिरामणला, ती अजून वाचते हे ठाऊक नव्हतं. हिरामण तसा वाईट माणूस नाही. टेम्पो चालवतो, पितो तेही सणावारीच. पण एकदा कालवण करपलं तेव्हा त्याने पुस्तक उचलून अंगणात भिरकावलं होतं आणि चार शेजाऱ्यांच्या देखत नको ते बोलला होता. त्या दिवसापासून त्याच्या लेखी पुस्तकं बंद झाली. खरं तर ती तांदळाच्या डब्यामागे गेली. टेम्पो गेला की बाहेर यायची, टेम्पोचा हॉर्न ऐकला की आत. दीपेश गोदामात पहिल्या शिफ्टला असायचा, तीनला घरी यायचा. तो जेवायला बसला की राहीबाई समोर बसून त्याला मत ऐकवायची.

"कवा तरी उलट बोल ना रे बाला," ती म्हणायची. "मी सांगते नि तू मान हालवतोस. खांबाला सांगितल्यासारखं वाटतं मना."

"मना काय कळतं त्यातलं," दीपेश म्हणायचा आणि ताक मागायचा.

मार्चमधल्या एका बुधवारी सकाळी अकरा वाजता तो गेला.

गोदामात माल ठेवायच्या लोखंडी रॅक असतात, तीन माणसं एकावर एक उभी राहिली तरी पुरायची नाहीत एवढ्या उंच. त्यातल्या एकीचा पाय मागे कधीतरी गाडी आदळून वाकला होता. पोरांनी दोनदा सांगितलं होतं. सुपरवायझरने काय केलं, तर वाकलेल्या जागी लाल चिकटपट्टी लावली. आता चिकटपट्टीने लोखंड सरळ होत असतं तर लोहाराने भाता कशाला फुंकला असता? त्या बुधवारी तो पाय बसला आणि वरचा माल दीपेशच्या अंगावर आला. चोवीस वर्षांचं पोर. राहीबाईला तोंड पाहू दिलं नाही, नुसता पाय दाखवला. पायावरून तिने ओळखला.

एवढ्यावर थांबलं असतं तरी माणूस रडून मोकळा झाला असता. पण दीपेशजवळ पुस्तक सापडलं. झालं. कंपनीने चौकशी लावली आणि चौकशीच्या आधीच गावात बोलणं पोचलं की पोरगा ड्युटी सोडून, जिथे बसायला मनाई आहे तिथे रॅकच्या मागे बसून वाचत होता. काम करत उभा असता तर वाचला असता. तेराव्याच्या जेवणाला आलेली माणसं हात धुता धुता कुजबुजली, "कामचोर होता म्हणं." राहीबाईने ते दोन कानांनी ऐकलं. पोर गेलं ते गेलं, त्याला कोणी परत आणणार नव्हतं. पण सहा वर्षं एक खाडा न करता पहिल्या शिफ्टला गेलेल्या पोराच्या नावापुढे कामचोर लागायचं आणि तसं कागदावर उतरायचं, हे तिला सोसवेना.

हिरामण तर भेटेल त्याला सांगत होता, "माझ्या पोरानं शाळा सुटल्यापासून पुस्तकाला हात लावला न्हाय." लोक ऐकून घ्यायचे. पण वाचनालयातली नोंद कंपनीने आणली होती. दीपेशच्या नावावर सतरा पुस्तकं होती.

चौदाव्या दिवशी दोघांना गोदामाच्या ऑफिसात बोलावलं. टेबलामागे चौकशीचे साहेब, ठाण्याहून आलेले, चष्मा कपाळावर. बाजूला रुचिका नावाची मुलगी लिहून घ्यायला. कागद तयारच होता, नुसतं घरच्यांचं म्हणणं चिकटवायचं बाकी होतं.

हिरामणने आपलं पालुपद लावलं. साहेबांनी सतराची यादी पुढे सरकवली.

"ती पुस्तकं माझी हायत," राहीबाई म्हणाली.

हिरामणने वळून पाहिलं. तिने त्याच्याकडे पाहिलं नाही. साहेबांकडे बघून सगळं सांगितलं. पाय मोडला तेव्हापासून वाचते. पोरगा नुसता आणायचा आणि द्यायचा. शिफ्ट सुटली की तसाच भिवंडीला जायचा म्हणून पुस्तक जवळ ठेवायचा, शर्टाखाली कमरेला खोचून, कारण इथल्या लॉकरना कड्या नाहीत. त्या दिवशीही सोमवारी तिने वाचून दिलेलं पुस्तक परत करायला घेऊन गेला होता. "वाचायचं म्हणाल तर त्याला पुस्तक दाखवलं की झोप यायची. आणि रॅकचा पाय काय त्यानं वाकवला?"

"पायाचं वेगळं बघू," साहेब म्हणाले. "बाई, आई आपल्या मुलासाठी काहीही सांगते. सतरा पुस्तकं वाचली म्हणता. यात काय काय होतं ते सांगा." आणि चष्मा डोळ्यांवर घेतला.

आता बोला. ज्या बाईचं मत ऐकायला उभ्या जन्मात एक पोरगा सोडून कुणी बसलं नाही, तिला भरल्या ऑफिसात मतं विचारली, आणि तीही पोराच्या चौदाव्याला. राहीबाईने पदर खोचला.

"पहिलं खुनाचं. खून कोणी केला ते मना चौथ्या पानावर कळलं. जो सगळ्यांना आग्रह करकरून चहा देतो, तोच. पोलिसाला दोनशे पानं लागली.

"मग भुताचं. त्यात भूत बाईच. भुताच्या दुसऱ्या पुस्तकात पण बाईच. बाप्ये मेले की झोपतात, बायांना मेल्यावर पण फिरायलाच लावलंय.

"एक मोठ्या साहेबांचं, त्यांनीच लिहिलेलं, आपल्या आयुष्याचं. चारशे पानं. बायकोचं नाव तीनदा आलं, त्यात एकदा ती वारली म्हणून.

"एक हाय, यशस्वी कसं व्हावं. पहाटे पाचला उठा बोलतो. आमच्याकडे पाणी चारला येतं. त्या हिशोबानं आमची आळी कवाच यशस्वी व्हायला पायजेल होती."

रुचिकाने खाली मान घातली. साहेबांनी यादीवर एकेक टिंब दिलं आणि म्हणाले, "पुढे."

"राजाचं. घोडे लय. त्यांना चारा कोण घालतं ते कुठंच न्हाय. मग यंत्रांच्या माणसांचं, पुढल्या काळातलं. त्यात सगळी कामं यंत्रं करतात आणि माणसं सुखात बसतात. लिहिणारा कधी गोदामात आलेला दिसत न्हाय. मासळी कशी रांधायची त्याचं एक होतं, त्यात ती बाई आंबट कालवणात साखर घालते. ते मी दुसऱ्या दिवशीच परत केलं.

"कवितेचं आणलं तेव्हा मी पोराला वरडले. पानावर आठ ओळी, बाकी कागद कोरा. पण त्यात एक होती, विहिरीवर ठेवलेल्या रिकाम्या कळशीची. ती मी तीनदा वाचली. कळली न्हाय. तरी वाचली."

असं करत ती बर्फाच्या मुलखात गेलेल्या बाईपर्यंत आली. ते सोळावं. मे महिन्यासारख्या उकाड्यात आपण गोधडी घेऊन वाचलं, इतकी थंडी त्या बाईने खरी लिहिली होती, असं तिने सांगितलं. "तेच सोमवारी दिलं मी त्याला. तेच सापडलं असंल." सगळं म्हणून झाल्यावर तिला एकदम रडू आलं. कारण समोर साहेब मान हलवत होते, अगदी दीपेशसारखी.

हिरामण तिच्याकडे बघत होता. इतक्या वर्षांत या बाईला एवढं बोलता येतं हे त्याला कळलं नव्हतं.

"सोळा झाली," साहेब म्हणाले, जरा नरमून. "बर्फाचं त्याने सोमवारीच परत केलंय. मग हे सतरावं." आणि त्यांनी खणातून प्लास्टिकची पिशवी काढली. आत जाड, निळ्या कव्हरचं पुस्तक होतं. कडेला वाळलेला डाग.

राहीबाईने ते पुस्तक जन्मात पाहिलं नव्हतं.

सोमवारी तीनला तो रिकाम्या हाताने आला होता. "वाचनालय बंद होतं आये, उद्या बघतो," म्हणाला होता. मंगळवारीही तेच.

"यात त्रेचाळिसावं पान दुमडलेलं आहे," साहेबांनी उघडून दाखवलं. "वाचनालयाच्या बाई म्हणतात, दिलं तेव्हा कोरं करकरीत होतं. म्हणजे इथपर्यंत कोणीतरी वाचलंय."

राहीबाई पान दुमडत नसे. ती कॅलेंडरचा कपटा घालायची. आणि हा कोपरा नुसता दुमडलेला नव्हता. एकदा दुमडून त्याचं टोक पुन्हा उलटं मुडपलेलं होतं, होडीच्या नाकासारखं. बालवाडीपासून दीपेश असाच कोपरा मुडपायचा. वही असो, बसचं तिकीट असो, लाइटचं बिल असो.

मग तिला रविवार आठवला. रविवारी जेवताना ती चिडून म्हणाली होती, "पुढचं पुस्तक आधी तू वाच. वाचल्याबिगर मना देऊ नको. मग आपण भांडू. आणि एखादं हसवणारं बघ, या सगळ्यांनी माझं डोकं पिकवलं." तो हसून "हो आये" म्हणाला होता. तो आईचं ऐकणारा पोरगा होता. ऐकलं. गोदामात, रॅकच्या मागे, लपून.

आत्ता खरं बोललं की कामचोरीचा कागद पुरा होत होता.

"मीच दुमडलंय," ती म्हणाली. "त्रेचाळीस पानं वाचली नि कंटाळा आला. बदलून आण बोलले त्याला. म्हणून घेऊन गेला."

"मघाशी तर बर्फाचं म्हणालात."

"पोर गेलंय साहेब. चुकते मी."

साहेबांनी पुस्तक मिटून पुन्हा पिशवीत सरकवलं. मग म्हणाले, "बरं. यात काय आहे?"

राहीबाईने त्या निळ्या कव्हरकडे पाहिलं. त्यावर नुसती अक्षरं होती, चित्र नव्हतं. "एक पोरगा हाय," ती म्हणाली. "आईचं सगळं ऐकतो. उलट बोलत न्हाय. आई बोलेल ते आणतो, बोलेल ते करतो. सगळ्या पानांवर तेच. असल्या पोराचं कोण वाचंल? मना कंटाळा आला."

साहेबांनी पुस्तक रुचिकाकडे दिलं. "बघ गं. जुळतंय का?"

रुचिकाने पिशवीतून काढून पानं चाळली. एक वाचलं, दुसरं वाचलं. राहीबाईकडे पाहिलं. पंखा फिरत होता आणि बाहेर ट्रक मागे घेणाऱ्याला कुणीतरी "आने दो, आने दो" म्हणत होतं.

"हो सर," रुचिका म्हणाली. "असंच आहे."

कागद बदलला. मृत्यू कामावर असताना, रॅक सदोष, कामगाराची चूक नाही. रुचिकाने दोनदा वाचून दाखवला. हिरामण फाटकाबाहेर येईपर्यंत चार जणांना सांगून मोकळा झाला, "बोललो न्हवतो? माझ्या पोरानं पुस्तकाला हात लावला न्हाय." राहीबाई त्याच्या मागून चालत होती. आता हे तिला जन्मभर ऐकायचं होतं, आणि मान हलवायची होती. वाकड्या लोखंडाने पोर मारलं, आईने नाही, हे कुणीही तिला सांगू शकलं असतं. पण त्यासाठी आधी तिने कुणाला तरी सांगायला हवं होतं.

फाटकावर रुचिका धावत आली आणि पुस्तक हातात देऊन गेली. वाचनालयात द्यायचं म्हणाली.

दुसऱ्या दिवशी दुपारी हिरामण घरीच, ओटीवर पडून होता. राहीबाईने पुस्तक लपवलं नाही. स्वयंपाकघरात भिंतीला टेकून पहिलं पान उघडलं. त्यात आईचं ऐकणारा पोरगा कुठे नव्हताच. विनोदी गोष्टी होत्या, गावगाड्याच्या. तिने घास गिळावा तशी एकेक गोष्ट गिळली. हसू कुठलं यायला.

त्रेचाळिसाव्या पानावर एक मास्तर नवी सायकल शिकत होते. त्यांना ब्रेक लावता येत नव्हता, म्हणून गावाला फेऱ्या मारत सुटले होते. लोकांना वाटलं मास्तर व्यायाम करतात. दुसऱ्या फेरीला कुणी त्यांच्याकडे पोस्टात टाकायला पत्र दिलं. तिसऱ्या फेरीला एका म्हातारीने चालत्या सायकलवर चहाची कपबशी हातात दिली, आणि चौथ्या फेरीला ती दारात उभी राहून बशी परत मागू लागली.

राहीबाई हसली. तिच्या मनात नसताना हसली, मोठ्याने, थांबवता येईना अशी. हसता हसता तिला कळलं की तोही इथेच हसला असणार. तोंडावर हात दाबून, एकटा. म्हणून त्याला लोखंडाची करकर ऐकू आली नसेल.

"काय झालं गो?" ओटीवरून हिरामणने विचारलं.

"काय न्हाय," ती म्हणाली.

तो मुडपलेला कोपरा तिने सरळ केला नाही. पुस्तक चांगलं होतं. यावर मायलेकांचं भांडण झालंच नसतं.