कोराडीचा आकाशी रंग

रुपराव ठवकरांनी सक्करदऱ्याला घर बांधायला काढलं तेव्हा गोपिकाबाईंनी नवऱ्याला एकच अट घातली. बाथरूमच्या टाईल्स कोराडीच्या मोठ्या बहिणीच्या, जयवंताताईच्या, क्वार्टरसारख्याच आकाशी पाहिजेत. दोष निघाला, तर पुढचं सगळं काम बाबारावाच्या हाती. बाबाराव म्हणजे गोपिकाबाईंचा कामठीचा दादा. जुन्या बिऱ्हाडाचा नळ दुरुस्त करायला तो चार दिवसांसाठी आला होता आणि दिवाळी करून गेला. नळ तसाच गळत राहिला.

रुपरावांनी इतवारीतल्या दुकानात ट्यूबलाईटखाली उभं राहून टाईल्स निवडल्या. काय तो आकाशी! पण घरी भिंतीवर बसल्या आणि पिवळ्या बल्बखाली अंबाडीच्या शिळ्या भाजीसारख्या दिसू लागल्या.

"टाईल तेच हाय साहेब," नत्थू मिस्त्री म्हणाला. "बल्ब पिवळा हाय."

रुपरावांनी बल्बशेजारी ट्यूब लावली. सकाळी पेटवली, तर आकाश उतरलं. पण मे महिना. दिवस कलला की घरोघरी कूलर सुरू, व्होल्टेज खाली, आणि ट्यूब नुसती डोळे मिचकावणार. जिथे वीज पिकते त्या कोराडीला ही पीडा नव्हती.

जयवंताताई टाईल्स पाहायला सकाळी यायच्या होत्या. बस चुकली, आल्या संध्याकाळी सातला. फाटकाचा आवाज ऐकताच रुपराव बाथरूममध्ये शिरले, कडी लावली आणि पालथ्या बादलीवर चढून ट्यूबचा स्टार्टर पिळू लागले.

"काहून जी, आंघोळ करून राहिले का?" बाहेरून गोपिकाबाई.

"हो!"

"दुपारीच तर केली!"

"गरमी किती हाय!" रुपरावांनी पुराव्यादाखल एक तांब्या फरशीवर ओतला.

"होऊ द्या सावकाश, जवाईबापू," जयवंताताई म्हणाल्या. "टाईल्स पाहिल्याबिगर मी काही हालत नाही." दाराशीच खुर्ची ओढल्याचा आवाज आला.

दार एकच. खिडकी वीतभर. ट्यूब लुकलुकली की क्षणभर आकाशी, लगेच अंबाडी. अर्ध्या तासात रुपरावांची घामानेच आंघोळ झाली.

"जवाईबापू, झोपले का गा आतमंदी?" असं म्हणत ताईंनी दाराखालून एक तुकडा सरकवला. "हा आमच्या क्वार्टरातला. भिंतीले लावून सांगा तरी, मॅच होते का."

रुपरावांनी तुकडा उचलला आणि बघतच राहिले. कोराडीचं आकाशही बल्बखाली अंबाडीच झालं होतं! भिंतीला लावला. रतीभर फरक नाही.

त्यांनी धाडकन दार उघडलं. "ताई, पाहा! टाईल्स त्याच हायेत! सगळा दोष लाईटचा हाय!"

दोघी बहिणी आत शिरल्या. तुकडा इकडे लावला, तिकडे लावला.

"खरं हाय वं गोपे," ताई शेवटी म्हणाल्या. "टाईल्सचा दोष नाही."

रुपरावांच्या जिवात जीव आला.

"लाईटचा हाय," गोपिकाबाई म्हणाल्या. "म्हणजे वायरिंग नव्यानं करा लागते."

"साऱ्या घराची," ताईंनी दुजोरा दिला. "दीड महिना तरी लागन बाबारावले."

"अवं, वायरिंग नाही, व्होल्टेज..." रुपराव म्हणाले. पण ऐकायला तिथे कुणी नव्हतं. बैठकीतून त्यांचीच खाट सरकवल्याचा आवाज येत होता.

"कूलरच्या सामोर लाव, ताई," गोपिकाबाई सांगत होत्या. "दादाले गरमी सोसत नाही."