पाठ क्रमांक सात

अभ्यासकेंद्रात बाईंनी वही उघडली आणि तांबड्या शाईवरून बोट फिरवलं. पाठ क्रमांक सात, तिसऱ्यांदा परत. शेरा तोच: 'प्रोजेक्टरचा वापर नाही. एका वेळी एकाच इयत्तेचे नियोजन करावे.'

अकरा वर्षं त्या एका खोलीत चार इयत्ता शिकवत होत्या. आता नियम आला होता, पदविका नाही तर नोकरी नाही. म्हणून टपालाने येणारे धडे गिरवत त्या चाळिशीत शिक्षिका व्हायला निघाल्या होत्या. नवरा म्हणायचा, बदकाला पोहण्याचा परवाना काढायला लावलाय.

अभ्यासकेंद्रातल्या बाकीच्यांनी बाजारातलं गाइड पुढ्यात ठेवून पाठ उतरवले होते. सगळ्यांच्या कागदावर तीस मुलं, एक इयत्ता, एक प्रोजेक्टर. सगळे पास. केंद्रप्रमुख तसे वाईट नव्हते. त्यांनी बाईंना जवळ बोलावून समजावलं, की वरच्यांना शाळा दिसत नाही, कागद दिसतो. दोन ओळी खोट्या लिहिल्याने आभाळ कोसळत नाही. आणि आज शेवटची तारीख आहे.

बाईंच्या खोलीत वीजच नव्हती. चौथीची मुलं पहिलीकडून बेरजा करून घेत, तेवढ्यात बाई दुसरी-तिसरीकडे वळत. तेच त्यांनी पाठाच्या टाचणात लिहिलं होतं, कोण कुणाशेजारी बसतं इथपर्यंत.

बाईंनी वही केंद्रप्रमुखांपुढे सरकवली.

"नापास करा सर. पण कारण लिहून द्या. या बाईची शाळा खरी आहे म्हणून नापास, असं."

केंद्रप्रमुखांनी पेनाचं टोपण काढलं, लावलं, पुन्हा काढलं. मग पाठ वाचायला घेतला. शेवटपर्यंत वाचला, बहुधा पहिल्यांदाच. खाली लिहिलं: 'प्रत्यक्ष वर्ग पाहून गुण देण्यात येतील. सोमवार.' आणि सही केली.

"बस कुठपर्यंत येते?" त्यांनी मान वर न करता विचारलं.

"नदीपर्यंत. पुढे दीड तास चालायचं."

"दीड तास?"

"आज मी तेवढंच चालून आलेय." बाईंनी वही पिशवीत घातली. "दहाला हजेरी घेते, सर. उशिरा येणाऱ्याला मी पहिलीच्या रांगेत बसवते."