दोन्ही गोळ्या

"तुम्ही मला सांगितलंच नाही," म्हणत अनंतने केसपेपर टेबलावर आपटला. कागद तो कागद, आवाज कितीसा होणार.

डॉक्टर तरुण होता. त्याने रिपोर्ट उजेडाकडे धरला. "काका, झकास आहे. प्रोस्टेटचा आजार झोपलाय. अजून काय पाहिजे?"

"हा दंड बघा."

अनंतने बाही वर सरकवली. माहुलच्या खाडीत चाळीस वर्षं एकट्याने होडीचा नांगर ओढलेला हात. आता कातडी ओल्या फडक्यासारखी लोंबत होती. गेल्या मंगळवारी नांगर चिखलातून सुटेना, तेव्हा शेजारच्या होडीतला रामनाथ हसला होता, "काय रे, बायकोला आणायचं ना ओढायला." त्याच वेळी पाळी जाताना बायकांच्या अंगातून निघतात तशा वाफा निघाल्या आणि गारव्यात सदरा भिजला.

पाच महिन्यांपूर्वी याच खोलीत डॉक्टर म्हणाला होता, "दोन्ही गोळ्या काढून टाकू." अनंत तेव्हा सकाळ-संध्याकाळ एकेक गोळी गिळत होता, तोंडाची चव गेली होती, बोंबील लाकडासारखा लागायचा. चला, सुटलो, म्हणून त्याने सही ठोकली. ऑपरेशन प्रोस्टेटचं, असंच तो धरून चालला होता; जांघेतली पट्टी सोडली तेव्हा कळलं, कुठल्या गोळ्या. तेही त्याने गिळलं. साठी उलटली, आता काय करायचंय त्यांचं. पण दंडातली ताकद तिथून येते, हे कुणाच्या बापाने सांगितलं होतं?

"परत येईल ना?"

"नाही, काका. पुरुषाचा हार्मोन तिथेच बनतो. त्याच्यावर तुमचे दंड पोसायचे आणि आजारही. दोघं एका ताटात जेवत होते. ताटच काढलं." डॉक्टरने पेन खाली ठेवलं. "व्यायाम करा, थोडं टिकेल. पण मावशींना मी हे सगळं सांगितलं होतं. चित्र काढून."

शेजारच्या खुर्चीत त्याची बायको सुंदराबाई पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत होती. गुंडाळला, सोडला, पुन्हा गुंडाळला.

"तुला ठाऊक होतं?"

"सांगितलं असतं तर सही केली असती तुम्ही?" तिने वर पाहिलं नाही. "मला माणूस पाहिजे होता."

बाहेर पुढचा नंबर पुकारला. अनंत उठला नाही.

"मग मिळाला?" तो म्हणाला. "बोल ना, सुंदरा. मिळाला?"